वैशाखातला पतंग

आत्यानं पुढच्या दारावरचा बांबूच्या कामट्यांचा चिकाचा पडदा हिसका देऊन खाली काढला आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर पसरला. पडद्याबरोबर धुळीचा लोट आला. मला खोकला आला तशी तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि मधल्या खोलीकडे पाहिलं. तिथं आई पडून होती. तिच्या कुशीत माझी नवी बहीण होती, अजून बिननावाची.

"विळी आण," आत्या म्हणाली. "आणि दार लोटून घे."

मी विळी आणली. आत्या पडद्यातली एकेक कामटी ओढून काढायची, दोन बोटांत धरून वाकवून बघायची आणि बाजूला फेकायची. कुठली मधेच मोडायची, कुठली एकाच बाजूनं वाकायची. सकाळपासून तिचं असंच चाललं होतं. दळण निवडायला बसली आणि अर्ध्यावर उठली. पाणी भरायला गेली आणि रिकामी कळशी घेऊन परत आली. दर थोड्या वेळानं अंगणात जाऊन वर बघायची. वर आभाळाशिवाय काही नव्हतं.

ती काय करते आहे हे मला कळत होतं, कारण तिनंच सांगितलं होतं. पतंग करायचा होता. का करायचा, हे मात्र तिनं धड सांगितलं नव्हतं. नुसतं म्हणाली, "दिगूला दिसला पाहिजे."

दिगू म्हणजे माझे वडील, दिगंबर. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. ते विडी कामगारांची संघटना चालवत. आणीबाणी आली आणि त्या दिवाळीनंतर पोलीस त्यांना घेऊन गेले. ठेवलं होतं आमच्याच गावच्या तुरुंगात, ओढ्यापलीकडे. घरापासून चालत जाता येईल इतका जवळ, पण भेट मिळायची ती क्वचित, आणि वैशाखात तीही बंद झाली. आत काहीतरी घोषणाबाजी झाली म्हणे, त्याची शिक्षा म्हणून भेटी बंद, टपाल बंद.

नेमकी त्याच वेळी आई अडली. दिवस भरायला अवकाश होता आणि एका पहाटे तिला रक्तस्राव सुरू झाला. शेजाऱ्यांनी तिला बाजेवर घालून हातगाडीवरून दवाखान्यात नेलं. गल्लीतल्या सगळ्यांनी ते पाहिलं. डॉक्टरांनीही आशा सोडली होती. मग आत्या आली, तिनं आपलं रक्त दिलं, आई वाचली, बहीण जन्मली. पण हातगाडी पाहिलेल्यांपैकी एकाला दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी उचललं, आणि त्यानं आत जाऊन अण्णांना जे पाहिलं होतं तेवढंच सांगितलं.

हे आम्हाला कळलं पुंडलिककाकांकडून. ते अण्णांच्याच बराकीत होते, त्यांची आई वारल्यामुळे थोड्या दिवसांसाठी सुटून आले होते. ओट्यावर बसून त्यांनी हलक्या आवाजात आत्याला सांगितलं की अण्णांनी अन्न सोडलंय. घरची खबर द्या नाहीतर घरी सोडा, एवढंच त्यांचं मागणं आहे, आणि अधिकारी दाद देत नाहीत. काकांनाही परत आत जायला वेळ होता, आणि परत त्याच बराकीत टाकतील याचा भरवसा नव्हता.

आत्या त्या दिवशी तुरुंगाच्या फाटकावर जाऊन आली. दुसऱ्या दिवशी कचेरीत गेली. तार केली. वकिलांच्या घरी गेली तर तेच आत गेलेले. सगळीकडून एकच उत्तर मिळालं, सध्या आत काही जात नाही. घरी आली की आईसमोर मात्र हसून बोलायची. आईला यातलं काहीच सांगायचं नाही असं तिनं मला बजावलं होतं. बाळंतिणीच्या कानावर असलं गेलं तर दूध आटेल, म्हणाली.

आता यात एक गोष्ट सांगायला हवी. आत्या आणि अण्णा एकमेकांशी बोलत नव्हते. मला आठवतं तेव्हापासून बोलत नव्हते. आत्या सासर सोडून आली होती. नवरा मारायचा. ती आधी आपल्या धाकट्या भावाच्या, म्हणजे आमच्या घरी आली. आणि कामगारांच्या हक्कांसाठी चौकाचौकात भाषणं करणारे माझे अण्णा तिला म्हणाले, अक्का, थोडं सोस, परत जा. ती त्याच संध्याकाळी उठली आणि येवल्याला माहेरच्या घरी गेली. तिथं ती मागावर बसून पैठण्या विणायची आणि एकटी राहायची. नंतर आमच्या उंबऱ्यात तिनं पाऊल टाकलं नाही. अण्णा आत गेल्यावर आईनं तिला निरोप धाडला, तेव्हाही ती आली नव्हती. आईला दवाखान्यात नेल्याचं कळलं तेव्हा मात्र मिळेल त्या गाडीनं आली.

शेवटी तिला दोन कामट्या मनासारख्या मिळाल्या. विळीवर तिनं त्या तासल्या. एक सरळ ठेवली कण्यासाठी, दुसरी इतकी बारीक केली की ती धनुष्यासारखी वाकायला लागली. मी चुलीवर कणकेची खळ शिजवली. कागद म्हणून वर्तमानपत्र घेतलं. पतंगाला शेपूट हवंच असा माझा हट्ट होता. चित्रात नेहमी असतं. आत्या म्हणाली, येवल्याच्या पतंगाला शेपूट नसतं. पण मी माझ्या शाळेच्या दोन लाल रिबिनी आणल्या, तेव्हा ती नको म्हणाली नाही. तिचं लक्षच नव्हतं. दोऱ्यासाठी तिनं आईच्या शिलाई मशीनची रिळं एकापुढे एक जोडली आणि लाटण्यावर गुंडाळली.

दुपारी उन्हं जरा कलल्यावर आम्ही तो पतंग आमच्याच गच्चीवर उडवून पाहिला. वारा चांगला होता. पतंग वर गेला आणि माझ्या रिबिनी खाली सोडून ऐटीत उभा राहिला. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आत्यानं दोरा सैल सोडला, झटका दिला, पुन्हा सैल सोडला. पतंग जागचा हलेना. तिनं तो भराभर खाली ओढला आणि रिबिनी सोडून माझ्या हातात दिल्या.

"हा नुसता उभा राहतो," ती म्हणाली. "याला बोलता येत नाही."

शेपूट काढून पुन्हा वर सोडला तर जड कागदाचा तो पतंग गरगर फिरत पाण्याच्या टाकीवर आपटला आणि फाटला. आत्या खाली आली. स्वयंपाकघरात ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत राहिली. तलम कागद हवा, असं स्वतःशीच म्हणत होती. बाजारात पतंगाचे ताव मिळतात ते संक्रांतीच्या सुमाराला. वैशाखात कोण ठेवणार? आणि त्या दिवसांत दुकानात जाऊन असलं काही मागितलं की चार माणसं विचारणार, कशाला हवंय.

तेवढ्यात आईनं मला हाक मारली. मी आत गेले. ती कुशीवर वळून भिंतीकडे बघत होती.

"माझ्या ट्रंकेत पैठणी आहे," ती म्हणाली. "ती ज्या कागदात गुंडाळलीय तो काढ. आत्याला दे."

मी ट्रंक उघडून कागद काढला.

"आणि तिला म्हणावं, दार लोटून आवाज कमी होत नाही. जा."

आईनं मला आणखी काही विचारलं नाही. मी कागद आत्याला नेऊन दिला. तो जुना, पिवळसर, मऊ झालेला होता, पण इतका तलम की त्यातून बोटं दिसत. आत्यानंच ती पैठणी आईच्या लग्नात विणून दिली होती. कागद उजेडाकडे धरून ती जरा वेळ तशीच उभी राहिली. मग खाली बसली आणि एकदाही न उठता तिनं दुसरा पतंग पुरा केला. कमानीची दोन्ही टोकं कण्याला बरोबर तोलून बघितली. एका बाजूला कागदाचा इवलासा तुकडा चिकटवला, वजन सारखं व्हावं म्हणून. मग कण्णी बांधली, म्हणजे पतंगाच्या पाठीला दोरा जिथं जोडतात ती गाठ. ती मात्र तिनं पुन्हा पुन्हा सोडली आणि बांधली. वरून काजळाच्या डबीत बोट बुडवून मधोमध मोठा काळा गोल काढला. पांढऱ्या उन्हात पतंग दिसायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही ओढा ओलांडून चुनाभट्टीच्या टेकाडावर गेलो. भट्टी बंद पडून जमाना झाला होता. तिथून तुरुंगाची भिंत समोर दिसे आणि तिच्या आतल्या निंबाच्या झाडांचे शेंडे दिसत. वारा आमच्या पाठीमागून तिकडेच वाहत होता. त्या वेळी कैद्यांना थोडा वेळ अंगणात सोडतात हे पुंडलिककाकांनी सांगितलं होतं. पण अन्न सोडलेला माणूस अंगणात येतो की नाही, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मी पतंग घेऊन टेकाडाच्या कडेला गेले आणि वर उचलून सोडला. तो एकदा डळमळला. आत्यानं दोरा खेचला आणि तो सरसर चढत गेला. माझी आत्या एरवी चालतानाही पाय ओढायची, मागावर बसून तिचे गुडघे गेले होते. पण दोरा हातात आला आणि ती बाई वेगळीच झाली. पदर खोचून, मान वर करून उभी. पतंग तिनं पुढे पुढे नेला, भिंतीच्या वर, निंबांच्या वर, आणि तिथं धरून ठेवला. सगळ्या रिकाम्या आभाळात तेवढा एकच पतंग होता.

मग तिनं दोरा एकदम सैल सोडला. पतंगानं मान खाली घातली आणि दगडासारखा कोसळायला लागला. मी किंचाळणार तोच तिनं हात मागे ओढला आणि तो पुन्हा सरळ वर गेला.

थोडं थांबून तिनं पुन्हा तसंच केलं.

"असं का करतेस?" मी विचारलं.

ती उत्तर देणार तोच खालून कुणीतरी ओरडलं. तुरुंगाच्या पहाऱ्यावरचा एक हवालदार टेकाड चढून येत होता. जाडजूड माणूस, घामानं भिजलेला. आत्यानं त्याच्याकडे पाहिलं, पतंगाकडे पाहिलं, आणि दोरा माझ्या हातात दिला. लाटणं माझ्या पायाशी ठेवलं.

"अजून एक राहिलाय," ती अगदी हळू म्हणाली. "मी केला तसा कर. हात सैल सोड आणि कुमुद, घाई करू नकोस. चांगला खाली येऊ दे."

एवढं बोलून ती हवालदाराच्या वाटेत जाऊन उभी राहिली. त्यानं विचारलं, काय चाललंय. ती म्हणाली, पोरीला हौस आली. वैशाखात पतंगाची हौस? हो, वडील घरात नाहीत, पोर रडते, मग काय करणार. त्यानं विचारलं, वडील कुठं आहेत. आत्यानं सरळ भिंतीकडे बोट दाखवलं. तो बाजूनं पुढे यायला लागला की ती त्याच बाजूला सरकायची. गुडघे दुखतात म्हणायची, जरा हात द्या म्हणायची.

हे सगळं मी नुसतं ऐकत होते. माझे डोळे पतंगावर होते. मी तोवर कधी पतंग उडवला नव्हता. दोरा बोटांतून थरथरत होता, जिवंत काहीतरी पलीकडून ओढत असल्यासारखा. मला वाटलं, मी सोडला तर हा परत यायचा नाही. निंबाच्या फांदीत अडकेल, भिंतीच्या काचांवर फाटेल, आणि सगळं माझ्यामुळे वाया जाईल. का करायचं तेही मला ठाऊक नव्हतं. हवालदाराचे बूट दगडांवर वाजत जवळ येत होते.

मी हात सैल सोडला.

पतंग वळला आणि खाली आला. भिंतीच्या वर होता तो भिंतीच्या रेषेत आला. काळा गोल दिसेनासा झाला. मी मनात म्हणत होते, अजून थोडा, अजून थोडा. मग दोन्ही हातांनी दोरा छातीशी ओढला. क्षणभर पलीकडे काहीच नव्हतं, सगळा दोरा ढिला. आणि मग एक हिसका बसला आणि पतंग निंबाच्या शेंड्यांतून वर उसळला.

आत्यानं मागे वळून पाहिलं आणि हवालदाराची वाट सोडली. त्यानं येऊन माझ्या हातातला दोरा तोडला. पतंग हेलकावे खात तुरुंग ओलांडून शेतांकडे गेला. हवालदारानं लाटणं उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि काखेत मारलं. आत्याला चौकीवर यावं लागेल, म्हणाला. ती निघाली. मला म्हणाली, घरी जा, आई एकटी आहे.

तिला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. कुणाला खूण केली, काय खूण केली, कुणी सांगितलं, हेच फिरून फिरून विचारत होते. ती एकच सांगत राहिली, पोरीची हौस. शेवटी एका म्हाताऱ्या जमादारानं तिला समज देऊन सोडलं. लाटणं ठेवून घेतलं. पुढे बरेच दिवस आमच्याकडे पोळ्या तांब्यानं लाटल्या जायच्या.

पण त्यानंतरचे दिवस आधीपेक्षा वाईट गेले. आतून काहीच कळेना. पुंडलिककाकांना दुसऱ्याच तुरुंगात पाठवलं. फाटक वाजलं की आत्या उठायची. रात्री ती अंथरुणावर उठून बसलेली असायची, मीही जागी असायची. बाळ रडलं की बरं वाटायचं, कारण काहीतरी करायला मिळायचं. आईनं आता उघडपणेच विचारायला सुरुवात केली होती की तुरुंगाकडून काही आलं का. तिलाही आतून काही नाहीच असं सांगावं लागे.

ज्येष्ठ सरता सरता भेटी पुन्हा सुरू झाल्या. आईला अजून एवढं चालवत नव्हतं. आत्या मला घेऊन गेली, पण फाटकाशी आल्यावर म्हणाली, तू जा, मी बाहेर थांबते. मी कितीही ओढलं तरी ती आत आली नाही.

अण्णा जाळीपलीकडे आले. गळ्याची हाडं वर आली होती, सदरा खांद्यावरून ओघळत होता. पण चालत आले. मी आधी आईचं सांगितलं, मग बाळाचं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि जाळीला कपाळ टेकलं. मग म्हणाले, "आई आहे, एवढं मला कळलं होतं."

मी विचारलं, कसं कळलं.

त्यांनी शिपायाकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. त्या दुपारी त्यांना तुरुंगातल्या दवाखान्याच्या ओसरीवर आणून निजवलं होतं. कुणीतरी म्हणालं, वैशाखात पतंग. त्यांनी मान वळवली.

"आम्ही लहान होतो तेव्हा येवल्यात संक्रांतीला मी दिवसभर गल्ल्यांतून कटलेल्या पतंगांच्या मागे पळायचो," ते म्हणाले. "ढोल-ताशांत घरची हाक ऐकू यायची नाही. अक्का घराच्या धाब्यावरून पतंग उडवायची. जेवायची वेळ झाली की ती पतंगाला तीनदा मान खाली घालायला लावायची. त्याचा अर्थ, घरी ये, पान वाढलंय. येवल्यात दुसरं कुणी असं करत नसे."

मी म्हटलं, पण त्यावरून आई आहे हे कसं कळलं?

"अगं, सुतकातलं घर कुणाला जेवायला बोलावत नाही. चूलच पेटत नाही तिथं. अक्का हाक मारत होती म्हणजे चूल पेटलेली होती." "दोन झाले आणि तिसरा येईना. मी म्हटलं, दोन म्हणजे काहीच नाही, वारा असेल. मग तिसरा आला. तो जरा वेडावाकडाच होता. पण आला. मी संध्याकाळी पेज मागून घेतली."

तो तिसरा कुणी केला, हे मी त्या दिवशी त्यांना सांगितलं नाही. शिपाई वेळ संपली म्हणत होता.

"अक्का कुठाय?" अण्णांनी विचारलं.

"बाहेर उभी आहे."

"तिला म्हणावं, माझी वाट बघू नका, बारसं करून टाका. नाव अक्कानं ठेवायचं. आणि म्हणावं, घर तिचं आहे. मी तेव्हाच हे म्हणायला हवं होतं."

बाहेर आत्या भिंतीच्या सावलीत उभी होती. मी सगळं सांगितलं, जसंच्या तसं. पेजेचं ऐकून तिनं पदरानं तोंड पुसलं. शेवटचं ऐकून चालायला लागली.

"आत्यानं नाव ठेवायचं हा रिवाजच आहे," ती पुढे बघतच म्हणाली. "त्यात त्यानं परवानगी द्यायची काय गरज?"

ओढ्याच्या पुलावर आल्यावर म्हणाली, वेणू कसं वाटतं? मग स्वतःच म्हणाली, छे, फार हळू आहे. सुमती? शेजारी एक आहे. इंद्रायणी? हाक मारेपर्यंत पोर गल्लीपार जाईल. इतके दिवस मोजकंच बोलणारी ती बाई एकामागून एक नावं घेत होती आणि मोडीत काढत होती. मधेच थांबून तिनं मला समोर उभं केलं.

"जन्मभर तिला हाक तू मारणार आहेस," ती म्हणाली. "तूच मारून बघ. मोठ्यानं. लांबून ऐकू गेलं पाहिजे."

त्या दिवसांत रस्त्यात कुणी मोठ्यानं बोलत नसे. पुलावरून जाणारे दोघंतिघं थांबून बघायला लागले. मी कठड्याला टेकून, आमच्या घराच्या दिशेला तोंड करून, पहिली हाक मारली.